जागा कुणाच्या बाजूची?

प्रस्थापित समीक्षक सिनेमातल्या वातावरणावर लिहितात तेव्हा नेपथ्यावरच लिहितात. उजेड कसा, सावली कशी, भिंतीचा रंग कसा. जणू जागा म्हणजे माणसांमागं टांगलेला पडदा! मित्रांनो, मला हे पटत नाही. जागा कुणाची, ती कुणी अडवली, तिथनं कुणाला हाकललं, हाच तर झगडा असतो. गावकुसाबाहेर जन्मलेल्याला हे शिकवावं लागत नाही.

'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' हा १९६६चा सिनेमा घ्या. अल्जीरिया १९६२ला स्वतंत्र झाला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पाँतेकोर्व्होनं कसबा वस्तीतच कॅमेरा नेला. १९५७ साली फ्रेंच छत्रीधारी सैनिक ज्या अरुंद गल्ल्यांत घुसले, त्याच गल्ल्या, त्याच पायऱ्या. माणसंही बहुतेक तिथलीच. लढ्यातला पुढारी सादी यासेफ स्वतःसारखीच भूमिका करतो. फ्रेंच कर्नल झालेला जाँ मार्तां तेवढा मुरलेला नट. खाली रुंद रस्त्यांचं युरोपियन शहर, वर दाटीवाटीचा कसबा, मधी काटेरी तार आणि झडती. गुलामी म्हणजे काय, हे सांगायला वेगळं भाषण लागत नाही. ती तारच बोलते.

पण याच सिनेमानं मला अडचणीत टाकलं. कसब्यातली एक बाई युरोपियन वेष करून तार ओलांडते नि कॅफेत बाँब ठेवते. कॅमेरा तिथल्या चेहऱ्यांवर थांबतो. एक पोरगं आइस्क्रीम खातंय. आधी मला राग आला. आपल्या बाजूचा दिग्दर्शक शत्रूचं पोरगं का दाखवतो? मग कळलं, कसबा जेवढा खरा, तेवढाच कॅफेही खरा ठेवलाय. ते पोरगं झाकून घेतलेली बाजू ही बाजू नव्हे, ती नुस्ती सोय. बघून, पोटात कालवाकालव होऊनही घेतलेली बाजूच टिकते.

तरी खरी जागा दाखवली की काम भागलं, असंही नाही. २००३ साली अमेरिकेच्या पेंटॅगॉननं हाच सिनेमा आपल्या अधिकाऱ्यांना दाखवला. इराक ताब्यात घेतलेल्यांनी त्याच गल्ल्यांत आपला धडा शोधला! म्हणजे जागा सत्य सांगते, पण ते कुणासाठी वापरायचं हे बघणाऱ्याला ठरवावं लागतं. तिथं तटस्थ कुणीच नसतो.

म्हणून आपल्या वस्तीवर कुणी सिनेमा काढला, तर गटार खरं दिसतं का, एवढंच विचारू नका. कॅमेरा कुठं उभा आहे ते विचारा. पोलिसांच्या गाडीपाशी, की चुलीपाशी?

आणि उद्या कॅमेरा आपल्या हातात आला, तर ते आइस्क्रीम खाणारं पोरगं दाखवायची छाती आपल्यात आहे का, हेही स्वतःला विचारा.