फिशपाँडची पेटी

संमेलनाला चार दिवस होते आणि फिशपाँडची पेटी माझ्या ताब्यात होती. चिठ्ठ्या चाळायच्या, घाणेरड्या आणि जातीवरच्या फाडून टाकायच्या, उरलेल्या स्टेजवर वाचायच्या; हे काम आमच्या हायस्कुलात मराठीच्या बाईंकडेच येतं. हायस्कूल कुठलं ते सांगत नाही. घोड नदीच्या पट्ट्यातलं, उसाच्या मधोमध, एवढं पुरे.

रविवारी संध्याकाळी एक चिठ्ठी पर्समध्ये घालून मी सरांना गाठलं. सर आमच्याकडचे निवृत्त मुख्याध्यापक. पंचवीस वर्षं पेटी त्यांनीच फोडली. संध्याकाळी ते इनामगावच्या पांढरीकडे, जुन्या वस्तीच्या टेकाडाकडे, फिरायला जातात, म्हणून मीही तिकडेच गेले. चिठ्ठी त्यांनी चष्मा वर करून वाचली :

‘नववी ब मधल्या चष्मेवालीस : फळा दिसत नाही म्हणून पहिल्या बाकावर, की शेजारी कुणी बसत नाही म्हणून?’

“बोचरी आहे, पण जमलीय,” सर म्हणाले. “अक्षर कुणाचं?”

“तिचंच.”

सरांनी चिठ्ठी परत वाचली.

“प्रश्नचिन्हाखालच्या टिंबाच्या जागी ती बारीक गोळा काढते, सर. वर्षभर लाल पेनानं मी तो दुरुस्त करतेय. इथंही प्रश्नचिन्हाखाली गोळाच आहे. बाकी पेटीत तिच्या नावानं एकही चिठ्ठी नाही. खो-खोच्या कॅप्टनवर मात्र एकोणीस आहेत.”

“मग वाचा की. तिला काय हवंय ते तिनं लिहून दिलंय. ज्याच्यावर एकही फिशपाँड पडत नाही, ते पोरगं वर्गात आहे की नाही हे तरी कुणाला ठाऊक असतं?”

“वाचली तर सगळा मंडप हसणार. आणि हसवणारा आवाज माझा असणार.”

“आणि फाडली तर?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तर आले होते.

मी कायद्याकडे वळले. 1999 च्या रॅगिंगविरोधी कायद्यात विद्यार्थ्याला लाज वाटेल असं वागणंही रॅगिंगमध्ये धरलंय. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखानं कानाडोळा केला, तर त्याचीही गुन्ह्याला साथ होती असं मानतात.

“तक्रार कुणी करायची?” सर म्हणाले. “तिनं? स्वतःविरुद्ध?”

मग ते नेहमीप्रमाणे पांढरीवर आले. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 इथं उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही नावं सर घरच्यांसारखी घेतात. “तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव, बाई. माणसं घरातच, जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडून. परत उठून चालू लागू नये म्हणून, असा अंदाज. पण वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं एक घर सापडलं, शेजारी धान्याचं कोठार. त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक माणूस मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय शाबूत. कुणाला कुठं बसवायचं हे तेव्हाही ठरलेलं होतं, आणि बसलेल्याला कुणी विचारलेलं नव्हतं.”

“तुम्ही सगळं रांजणावर आणून ठेवता, सर.”

“ठेवतो. पण फिशपाँडमध्ये एक दिवस तरी तो क्रम मोडतो. आमच्या वेळी त्याला शेलापागोटे म्हणायचे. ऊसतोडीवाल्याचं पोर संचालकाच्या पोराला टोला हाणायचं, माझ्या टकलावर तर दरसाल चार ठरलेले. का? तर चिठ्ठीवर नाव नसतं. नाव नाही म्हणून तर गरिबाला तोंड उघडता येतं.”

“नाव नाही म्हणून दांडगटालाही. ‘फँड्री’ पाहिलात ना? जब्याचं घर डुकरामागं धावतंय आणि शाळेतली पोरं बसून मजा बघतायत. मी 2014 ला थिएटरात पाहिला तेव्हा माझ्या मागच्या रांगेतली पोरंही खिदळत होती. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याकडे. तेव्हा कुठं गप्प झाली. चिठ्ठी लिहिणारा एक असतो, सर. हसणाऱ्यांचं अक्षर कुठं सापडतं?”

सर काही बोलले नाहीत. मग मी त्यांना 1989 च्या ‘हेदर्स’ या अमेरिकन सिनेमाची गोष्ट सांगितली. हेदर नावाच्या तीन मुली शाळेवर राज्य करतात. त्यांतली म्होरकी मारली जाते, आणि मारणारेच तिच्या नावानं आत्महत्येची खोटी चिठ्ठी लिहितात. जिनं साऱ्या शाळेला छळलं, ती त्या चिठ्ठीमुळे एकाएकी खोल, हळव्या मनाची ठरते. शिक्षक भारावतात. भयंकर विनोदी सिनेमा आहे. तिथंही लिहिणाऱ्यापेक्षा मला वाचणाऱ्यांचीच जास्त भीती वाटली. हातात कागद पडला की मोठी माणसं पोर बघायचं सोडून कागद बघतात.

“म्हणजे तिच्याशी बोला,” सर म्हणाले.

“बोलले तर मी ओळखलं हे तिला कळेल. स्वतःवरच चिठ्ठी टाकल्याचं बाईंना कळलं, याची लाज मंडपातल्या हसण्यापेक्षा मोठी नाही का?”

“असेल.” उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. “मग पेटीच बंद करा.”

“पेटी बंद करूनही ती पहिल्या बाकावर एकटीच राहते.”

परत येताना मी माझा तोडगा सांगितला : यंदा मी वाचणारच नाही. ज्यानं लिहिलं त्यानं चिठ्ठी परत घ्यावी, स्टेजवर यावं, स्वतःच्या तोंडानं वाचावी. सर थांबले. “त्यानं दुबळ्याचीच वाचा जाईल, बाई,” एवढंच म्हणाले. मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं.

पेटीत 61 चिठ्ठ्या होत्या. स्टेजवर चौघं आली. खो-खोची कॅप्टन आणि तिच्या तीन मैत्रिणी. चारही चिठ्ठ्या पहिल्या बाकांवरच्या पोरांवर होत्या, आणि मंडप हसला.