जग आधी बाजार म्हणून आले

खान्देशातल्या शेतकऱ्याची जगाशी गाठ पडली ती कापसाच्या भावातून. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची भिस्त हिंदुस्थानच्या कपाशीवर आली. भाव चढले, पेरा वाढला. 1865 मध्ये युद्ध संपले आणि भावही कोसळले. साता समुद्रापलीकडची लढाई आपल्या बांधावर येऊन पोचते, हे खान्देशाला तेव्हाच कळले. पण नुसते जोडले जाण्याने माणूस जगाचा नागरिक होत नाही. त्यासाठी दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे विचारावे लागते. ते विचारायला हा प्रदेश हळूहळू शिकला.

त्यातला पहिला मोठा टप्पा अमळनेरचा. गिरणीमालक प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले. सगळे जग एकच आहे, असे सांगणाऱ्या वेदान्ताचा अभ्यास हा त्याचा गाभा. साने गुरुजी आधी तिथेच आले, पण रमले नाहीत. 1924 मध्ये ते गावातल्या शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालय सांभाळू लागले. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे हे ते स्वतः करत. त्याच मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवले, पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढले. नंतर ‘भारतीय संस्कृती’ हे पुस्तक लिहिताना त्यांनी सुरुवात त्याच एकत्वाने, म्हणजे अद्वैतानेच केली. त्या अद्वैताचा कस मात्र छात्रालयात आधीच लागला होता.

1930 च्या सत्याग्रहात ते धुळ्याच्या आणि मग त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गेले. त्रिचनापल्लीत इतर प्रांतांचे कैदी भेटले, तेव्हा ते तमिळ शिकले आणि पुढे ‘कुरल’ हा तमिळ ग्रंथ मराठीत आणला. भारताच्या भाषांनी एकमेकींना ओळखावे, हे आंतरभारतीचे स्वप्न याच वाटेवरचे. शेजारच्याची भाषा न शिकता जगाला कवटाळता येत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

डिसेंबर 1936 मध्ये खान्देशातल्याच फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू स्पेनमधल्या यादवीवर आणि फॅसिझमवर बोलले, आणि समोर शेतकरी बसले होते. आपल्या स्वातंत्र्याची लढाई जगातल्या मोठ्या लढाईचा भाग आहे, ही मांडणी मुंबई-पुण्याच्या सभागृहातून निघून थेट शिवारात आली.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या टोकाच्या माणसापर्यंत पोचण्याचे हे काम महाविद्यालयांकडे आले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला 120 तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर. पिढ्यान् पिढ्या मुलांनी नाले खोदले, रोपे लावली, शोषखड्डे केले. पण ‘दत्तक’ म्हटले की एक जण पालक ठरतो आणि दुसरा पोरका. गावाला काय येते, हे विचारण्याआधीच गावाला काय द्यायचे ते ठरलेले असते.

हा क्रम साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने उलटा केला. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले चैत्राम पवार नोकरीच्या मागे न लागता गावात राहिले. वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने गावाने नव्वदच्या दशकात उजाड डोंगर राखायला घेतला. कुऱ्हाडबंदी झाली, नियम मोडणाऱ्याला दंड बसला आणि सुमारे चारशे हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले. पुढे वनभाज्यांची स्पर्धा भरू लागली, परदेशी अभ्यासक गावात शिकायला आले. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हवामान बदलावरच्या परिषदा जिथे भरतात तिथे हे गाव गेले नव्हते. आपल्या डोंगराची जबाबदारी त्याने घेतली, आणि जगाच्या प्रश्नातला आपला वाटा तिथेच उचलला गेला.

आता 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर समाजसहभाग आणि क्षेत्र प्रकल्प पदवीच्या अभ्यासक्रमातच आले आहेत. त्यांना क्रेडिट मिळते. त्यात हजेरी, छायाचित्रे आणि फाइल एवढेच उरण्याचा धोका आहे; पण गावाकडे जायची अधिकृत सवडही आहे. माझे म्हणणे इतकेच, की मुलांनी लिहिलेला अहवाल प्राध्यापकांच्या टेबलावर जाण्याआधी ग्रामसभेत वाचला जावा. जळगावच्या मुलीने केळीच्या बागेतल्या मजुरीवर लिहिले असेल, तर त्या मजूर बायांनी तिच्या चुका काढाव्यात. धुळ्याच्या मुलाने पाणी मोजले असेल, तर विहिरीच्या मालकाने त्याचे आकडे तपासावेत. गुण त्यानंतर द्यावेत, आणि ते दुरुस्तीलाही द्यावेत. आपल्याहून वेगळे जगणाऱ्या माणसाकडून आपली चूक ऐकून घ्यायची सवय एकदा लागली, की ती सवय कोणत्याही देशात उपयोगी पडते.