न सांगितलेली किंमत

चंद्रपूरहून ताडोबाच्या अरण्याकडे जाताना इरई जलाशयाच्या परिसरात मोहर्ली हे गाव लागते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या या अरण्याचे हे एक प्रवेशद्वार. डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत बसणाऱ्याला तेथील थंडी हाडापर्यंत जाणवते. अशाच एका पहाटे तेथील चहाच्या टपरीवर एक छोटासा व्यवहार माझ्यादेखत झाला. तो पाच मिनिटांत आटोपला. त्याने मनात उभा केलेला प्रश्न मात्र बरेच दिवस छळत राहिला.

माझा भाचा मुंबईत मोटारसायकलस्वारांची जुनी चामडी जॅकेटे घेतो आणि विकतो. हा धंदा प्रथम कानी आला तेव्हा मला हसू आले होते. जुना कपडा गरजवंताने घ्यावा, अशी आपली समजूत. परंतु या वस्त्राचा इतिहास मौजेचा आहे. न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी १९२८ मध्ये मोटारसायकलस्वारांसाठी चेन लावलेले चामडी जॅकेट तयार केले. त्याची किंमत होती साडेपाच डॉलर. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडोच्या अंगावर तसे जॅकेट झळकले आणि वाऱ्यापासून रक्षण करणारे वस्त्र बंडखोर तारुण्याचे चिन्ह होऊन बसले. त्या जुन्या काळातील जॅकेटांसाठी हौशी मंडळी आज हजारो रुपये मोजतात. भाचा चोरबाजार पालथा घालतो. चेनीवरचे नाव, अस्तर, शिवण, कोपरावरच्या घड्या पाहून वस्तूचे वय सांगतो आणि उसवलेले जॅकेट धारावीतील कारागिराकडून नीट करून घेतो. नवे चामडे घासून ते जुने म्हणून खपवणारेही बाजारात आहेत. आपण तसले काही करीत नाही, याचा त्याला रास्त अभिमान आहे.

त्या पहाटे टपरीजवळच्या शेकोटीशी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. अंगात तपकिरी चामड्याचे जॅकेट. तरुणपणी कोळशाच्या खाणीवर एका साहेबाच्या घरी ते कामाला होते. बदली होऊन जाताना साहेबाने ते दिले होते. भाच्याने कॉलर उलटून पाहिली आणि विचारले, “बाबा, विकता का?” वृद्ध हसले. “पाचशे द्या,” म्हणाले. भाच्याने सहाशे दिले. वृद्धांनी हात जोडले. जिप्सीत बसल्यावर भाचा हळूच म्हणाला, “मामा, मुंबईत याचे अठरा हजार कुठे गेले नाहीत!”

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जेथे वाघाच्या कातड्याचा सौदा गुन्हा ठरतो, त्या अरण्याच्या दारात आम्हीही एका कातड्याचा सौदा केला होता. कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष होता. कोणी खोटे बोलले नव्हते, बळजबरी झाली नव्हती, उलट मागितल्यापेक्षा शंभर रुपये अधिक दिले होते. तरीही मन खात होते.

संध्याकाळी मी विषय काढला. भाच्याची बाजू दुबळी नव्हती. “मामा, पारख शिकायला मला दहा वर्षं लागली. दुरुस्तीचा खर्च माझा, विकलं नाही तर तोटाही माझा. मोहर्लीत या जॅकेटाला ऊब एवढीच किंमत आहे.” हे खरेच आहे. १२७४ साली निवर्तलेल्या संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’त खरेदीविक्रीतील अन्यायाचा विचार करताना श्रमाचा मोबदला म्हणून घेतलेला माफक नफा दोषास्पद मानलेला नाही. परंतु त्याच विवेचनात त्यांनी एक उदाहरण घेतले आहे. कोणी सोने पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते सोने असल्याचे ठाऊक असेल, तर ती खरेदी अन्यायाची होय आणि घेणाऱ्यावर भरपाईचे बंधन येते. विकणाऱ्याने स्वखुशीने दिले, या सबबीने ते बंधन सुटत नाही. कारण आपण काय देतो आहोत हेच त्याला कळलेले नसते.

म्हणजे अठरा हजारांत दोन वाटे आहेत. एक भाच्याच्या पारखीचा, श्रमाचा आणि जोखमीचा. तो त्याचा हक्काचा. दुसरा त्या वृद्धांच्या अज्ञानाचा. त्यावर कोणाचाच हक्क नाही. शिवाय आणखी एक गोष्ट हिशेबात आलीच नव्हती. वस्तू दिल्याने देणाऱ्याचे जे नुकसान होते, तेही किमतीत धरले जावे, असे अक्वायनस सांगतात. ऐन थंडीत अंगावरची ऊब उतरवून दिली, तिचे मोल आम्ही काय धरले होते?

“पण खरं सांगितलं असतं तर त्यांनी पाचशेला दिलंच नसतं,” भाचा म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला. सत्य उच्चारताच जो सौदा मोडतो, तो मुळात दोघांचा सौदा नसतोच. मीही गप्प होतो. कारण अठरा हजारांचा आकडा ऐकल्यावर गाडी थांबवायला सांगणे मला शक्य होते. मी सांगितले नाही. नफा भाच्याचा असला, तरी मौनात माझा वाटा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा त्या टपरीवर गेलो. भाच्याने जॅकेट वृद्धांच्या हाती ठेवले आणि मुंबईतील किंमत, दुरुस्तीचा खर्च, आपला नफा सारे उलगडून सांगितले. “खर्च वजा जाता निम्मे तुमचे; नाहीतर जॅकेट परत घ्या,” असे तो म्हणाला. वृद्धांचा विश्वास बसेना. “या जुन्या कातड्याला एवढा पैसा?” असे म्हणत त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि मग सरळ अंगात घातले.

“थंडी जाऊ द्या, मंग पाहू,” ते म्हणाले. आदल्या दिवशीचे सहाशे ते परत करू लागले, तेव्हा भाचा म्हणाला, “राहू द्या बाबा. विसार समजा.”

परतीच्या वाटेवर भाचा फारसा बोलला नाही. त्याच्या वहीत त्या दिवशी सहाशे रुपये खर्ची पडले आणि जमेची बाजू कोरी राहिली. मला मात्र हा सौदा आता पुरता झाल्यासारखा वाटत होता. जॅकेट मोहर्लीतच राहिले होते आणि त्याची खरी किंमत आता दोघांनाही ठाऊक होती.