गेम बॉयच्या एका फ्रेमपाशी

शांत बसा. 1989 सालचा निन्टेन्डोचा गेम बॉय डोळ्यांपुढे आणा: राखाडी, हातात मावणारा, चार पेन्सिल सेलवर चालणारा. पडदा 160 गुणिले 144 ठिपक्यांचा, छटा फक्त चार. त्याच्यासाठी खेळ लिहिणारा मात्र संगणकापुढे बसलेला असतो, एम्युलेटरमध्ये त्या यंत्राची नक्कल चालवत.

आता घाई न करता एकच फ्रेम मनात उलगडू या. सेकंदाला जवळपास साठ येतात, त्यातली ही एक. वरची ओळ उमटली. तिच्याखालची उमटली. प्रत्येक ओळीला घड्याळाचे 456 ठोके, ना कमी ना जास्त. अशा 144 ओळी पुऱ्या होऊ द्या. मग दहा ओळींएवढा वेळ पडद्यावर काहीच उमटत नाही. जेमतेम एक मिलिसेकंद. पडद्यावर काही मोठं बदलायचं, तर प्रोग्रॅमरची सारी लगबग याच फटीत.

आणि ओळीचे ठिपके उमटत असतानाच कुणी व्हिडिओ मेमरीत लिहू पाहिलं तर? खरा गेम बॉय ते लिखाण टाकून देतो. तक्रार नाही, इशारा नाही. इथे जरा रेंगाळा. सैल एम्युलेटर तेच लिखाण मुकाट्याने घेतो. संगणकावर खेळ छान दिसतो आणि खऱ्या यंत्रावर चित्राचे तुकडे गायब होतात. हा सैलपणा मला उपकार वाटत नाही. यंत्राला जे जमतं त्याइतकाच त्याचा नकारही नकलेत जपायला हवा. सेमबॉयसारखे एम्युलेटर ठोक्याठोक्याचा हिशेब ठेवतात, ते त्यासाठीच.

हार्डवेअर एम्युलेटरची वाट वेगळी. प्रोसेसरच्या जागी त्याच्यासारखंच वागणारं उपकरण जोडायचं, हव्या त्या सूचनेवर त्याला थांबवायचं, रजिस्टरांत काय आहे ते निवांत वाचायचं. भोवतीचा बोर्ड खराच.

आता पडद्याकडे पुन्हा लक्ष न्या. त्या पहिल्या गेम बॉयच्या पडद्यामागे दिवा नाही. संगणकावर ठसठशीत दिसलेल्या दोन छटा खोलीतल्या मंद उजेडात एकमेकींत मिसळतात. वेगाने पळणारं चित्र मागे सावली ओढत जातं. अंगठ्याखालचं बटण कीबोर्डसारखं लागत नाही.

तुम्ही गेम बॉयसाठी काही लिहीत असाल, तर ते पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या कार्ट्रिजवर चढवा आणि खऱ्या यंत्रावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून बघा. दुसऱ्याच्या हाती द्यायचं ते त्यानंतरच.