हिशेब कोणी कोणाला द्यायचा?

मराठी मंडळाच्या सर्वसाधारण सभेत एक विषय हमखास निघतो: शिल्लक रक्कम आणि सभासदांच्या देणग्या यंदा मायदेशी कोणत्या कामाला पाठवायच्या? शाळेची खोली, ग्रंथालय, गरीब पण हुशार मुलाची शिष्यवृत्ती म्हटले की भराभर हात वर होतात. पण कोणी "दहावी नापास मुलाला गॅरेज काढायला पैसे देऊ या" असे म्हणाले, की कुजबुज सुरू होते. त्याने पैसे उडवले तर? धंदा बसला तर? पावत्या कोण तपासणार? गंमत पाहा, शिष्यवृत्ती घेऊन पदवीधर झालेला मुलगा पुढे बेकार राहिला, तर आपण त्याच्याबद्दल हळहळतो. गॅरेज बंद पडले, तर मात्र "आपले पैसे बुडाले" म्हणतो!

याचे थोडे मूळ आपल्या घरातच आहे. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण ज्या वडीलधाऱ्यांनी ऐकवली, त्यांनीच आपल्याला नोकरीच्या अर्जाचे नमुने पाठ करायला लावले. पण खरा प्रश्न त्याहून खोल आहे. मदत करणाऱ्याला, घेणाऱ्याच्या आयुष्यात किती डोकावण्याचा हक्क पोचतो?

या बाबतीत युगांडाचे एक उदाहरण विचार करण्यासारखे आहे. उत्तर युगांडा अनेक वर्षे यादवी युद्धाने होरपळला होता. तिथल्या सरकारने 2008 साली तरुणांच्या गटांना एक योजना देऊ केली. गटाने एकत्र बसून अर्ज करायचा: कोणता व्यवसाय शिकणार, कोणाकडे शिकणार, कोणती अवजारे घेणार. शिवणकाम, सुतारकाम, लोहारकाम, केस कापणे असे साधेच व्यवसाय. पात्र गट 535 आणि पैसे त्यातल्या निम्म्यांनाच पुरतील एवढे, म्हणून चिठ्ठ्या टाकून 265 गट निवडले. माणशी सरासरी 382 डॉलर मिळाले, तेही एकरकमी. त्यानंतर कोणी तपासायला आले नाही. आपला खजिनदार असता तर त्याला झोप लागली नसती!

संशोधकांनी चार वर्षांनी पाहिले, तेव्हा पैसे मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 38 टक्क्यांनी जास्त होती. बहुतेकांनी पैसे दारूत घातले नव्हते. यंत्रे घेतली होती, कामे शिकली होती. इथे गोष्ट संपती तर तिची प्रवचनात छान वर्णी लागली असती. पण तेच संशोधक नऊ वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हा कमाईतला फरक जवळजवळ पुसला गेला होता. ज्यांना काही मिळाले नव्हते, तेही मजुरी करत, किरकोळ धंदे करत त्या पातळीला येऊन पोचले होते. पैसे मिळालेल्यांच्या हाती यंत्रे, मालमत्ता आणि कसबाचे काम मात्र अजून जास्त होते.

मग ती मदत वाया गेली का? मला तसे वाटत नाही. विशी-पंचविशीतली चार-पाच वर्षे म्हणजे लग्नाची, मुले होण्याची, घर उभे करण्याची वर्षे. ती बऱ्या कमाईत जाणे ही लहान गोष्ट नाही. आपण मात्र "आयुष्याचे सोने झाले" असे वाक्य अहवालात छापता यावे म्हणून अडून बसतो. जो मुलगा आपल्या मदतीविनाही पुढेमागे सावरला असता, त्याला लवकर सावरू देणे, एवढेही पुरेसे का असू नये?

आता आपल्याकडचे उदाहरण. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठात, डॉक्टरेट करून परतले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर पोचले. ती नोकरी सोडून 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेने नापास ठरवलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजकाम, शेती शिकू लागली. ती शिकायची कशी, तर गावाची खरी कामे करून, आणि गावाकडून त्याचे पैसे घेऊन. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. मुलाने जोडलेले फाटक नीट लागते की नाही, हे गिऱ्हाईक सांगणार, आणि तेही लगेच. कलबाग 2003 साली गेले. आश्रमाचे काम चालू आहे.

म्हणजे हिशेब हवाच, पण तो कोणापुढे? पाबळचा मुलगा गिऱ्हाइकाला हिशेब देतो, युगांडातला तरुण आपल्या गटाला. सात समुद्रांपलीकडून फोटो आणि पावत्या मागणारे आपण या साखळीत तसे उपरेच. (आणि फोटोत यंत्राशेजारी हसून उभे राहायचे, हे त्या मुलालाही कळते.)

"पण पैसे सभासदांचे आहेत" हा आक्षेप खरा आहे. संस्था खरी आहे का, पैसे मुलांपर्यंत पोचतात का, हे विश्वस्तांनी कसून पाहायलाच हवे. "मग कर्ज द्या, जबाबदारी कळेल" असेही म्हणतात. त्यांनी 2010 सालचा आंध्र प्रदेश आठवावा. सूक्ष्मकर्जाच्या वसुलीचा जाच इतका वाढला, की राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला.

शिवाय आपला स्वतःचा हिशेब? आपल्यातले कितीतरी जण सरकारी कॉलेजांत नाममात्र फीवर शिकले. त्या खर्चात पाबळच्या शेतकऱ्याने काडेपेटी घेताना भरलेला करही होता. विमानतळावर आपल्याला कोणी पावती मागितली नाही. कोणी दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवालही मागवला नाही. आपण काय करायचे, ते आपल्यावर सोडले. काहींनी परतफेड केली, काहींनी नाही.

म्हणून यंदा माझे मत असे: शिष्यवृत्तीइतकीच रक्कम अवजारांसाठी काढावी, अर्ज तपासताना हवे तेवढे प्रश्न विचारावेत, आणि चेक गेल्यावर वर्षभर त्या मुलाला पत्र पाठवू नये. त्याने आपणहून पाठवले तर अवश्य उत्तर द्यावे.