किती लिहायचं, कुठे थांबायचं

डहाणूहून चारोटीकडे निघालं की वाटेत आशागड लागतं. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात जमीन हादरू लागली. धुंदलवाडीच्या आसपासची माणसं ऐन थंडीत घर सोडून तंबूत झोपली. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. पण बहुतेक धक्के लहान होते. घरातली भांडी वाजत, आणि लांबच्या भूकंपमापकाला त्यांचा पत्ता नसे. पुढे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने आणि हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने याच भागात यंत्रं आणून बसवली, तेव्हा बारीक हादरेही नोंदले जाऊ लागले.

भूकंपशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. नोंदीची मर्यादा तीव्रतेच्या एका अंकाने खाली आणली, की धक्क्यांची संख्या साधारण दहापट होते. मी डेटाबेस सांभाळतो आणि हा नियम मला रोज आठवतो, कारण सर्व्हर आपल्या कामाच्या नोंदी ज्यात लिहितो त्या लॉगचंही तसंच आहे. नोंदीची पातळी एक पायरी उतरवा, फाइल फुगते.

हे मी एकदा भोगलं आहे. एका कार्यालयात एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, हळू का चालते ते शोधायला मी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘लॉग स्टेटमेंट’ हे सेटिंग ‘ऑल’वर नेलं. म्हणजे डेटाबेसला येणारं प्रत्येक आज्ञेचं वाक्य लॉगमध्ये लिहायचं. क्वेरी सापडली, सेटिंग मात्र तसंच राहिलं. लॉग आणि डेटा एकाच डिस्कवर होते. काही दिवसांनी डिस्क भरली आणि डेटाबेस बंद पडला. काय चाललंय ते कळावं म्हणून ठेवलेल्या वहीनेच काम थांबवलं. चूक माझी होती, आणि तेव्हापासून लॉग वाढवताना तो पूर्ववत करायची तारीखही मी लिहून ठेवतो.

पण डिस्क भरणं हे लहान दुखणं आहे. मोठं दुखणं ओळीच्या आत असतं. समजा, एखाद्या आरोग्य केंद्रात गरोदर बाईची नोंद चुकून दोनदा होऊ लागली. डेटाबेस नकार देतो, ते बरोबरच. लॉगमध्ये ‘एरर’ची ओळ पडते आणि तिच्याखाली ‘डीटेल’ म्हणून दुसरी: अमुक मोबाइल नंबर आधीच अस्तित्वात आहे. नंबर अख्खा, उघडा. ‘लॉग एरर व्हर्बोसिटी’ हे सेटिंग ‘टर्स’, म्हणजे त्रोटक, केलं की ती दुसरी ओळ जाते. तरीही ज्या वाक्याने चूक घडली ते वाक्य मूळ सेटिंगप्रमाणे लॉगमध्ये उतरतंच, आणि किंमत, म्हणजे इथे तो नंबर, त्यातच लिहिलेली असेल तर नंबर पुन्हा तिथेच. म्हणून एक बटण दाबून निर्धास्त होता येत नाही. वाक्य वेगळं आणि किंमत वेगळी पाठवायची सवय प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच लावून घ्यावी लागते.

मे २०१८मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. पासवर्ड झाकण्याआधीच ते अंतर्गत लॉगमध्ये उतरत होते. कुणी चोरल्याचं आढळलं नव्हतं. नको ते लिहिलं गेलं होतं, एवढंच.

आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. तपासासाठी ते हवंच. पण मग आज लॉगमध्ये गेलेला त्या बाईचा नंबर सहा महिने तिथे बसणार, बॅकअपमध्ये जाणार, जो कुणी लॉग वाचेल त्याच्या नजरेला पडणार. तिने तो केंद्रातल्या सिस्टरला दिला होता, आम्हा डेटाबेस सांभाळणाऱ्यांना नाही.

म्हणून काहीच लिहू नये? तेही मला पटत नाही. डहाणूच्या पट्ट्यात लहान धक्के टिपले नसते, तर जमिनीत नेमकं कुठे आणि किती खोल काय हलतंय, हे कशावरून सांगणार होतो? बारीक तपशील लागतो. भूकंपवाल्यांनी तो कसा मिळवला ते पाहण्यासारखं आहे. या धक्क्यांसाठी देशभर यंत्रं वाढवत बसले नाहीत, जिथे हादरत होतं तिथे ती नेऊन बसवली. डेटाबेसमध्येही हे जमतं. ‘लॉग स्टेटमेंट’ एका रोलपुरतं, म्हणजे एका वापरकर्त्यापुरतं, किंवा एका सेशनपुरतंही वाढवता येतं. ‘लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट’ला एक सेकंदाची मर्यादा घातली, की तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ खाणारीच वाक्यं लिहिली जातात. एरवी इशाऱ्यापासून वरचं लिहावं आणि ते कुणीतरी रोज वाचावं. न वाचला जाणारा लॉग ठेवण्यात मला कसलीच सावधगिरी दिसत नाही.

तुमच्या हाताखाली एखादा सर्व्हर असेल, तर उद्या कामावर गेल्यावर त्याचा लॉग उघडा. शेवटच्या हजार ओळी वाचा आणि त्यात कुणाचा फोन नंबर सापडतो का ते बघा.