आज्ञा, सेवा आणि वसईचा एक दुभाष्या

आज्ञाधारकपणा हा गुण आज फारसा कोणाच्या स्तुतीस पात्र राहिलेला नाही, आणि त्यास कारणही आहे. ज्यांनी त्याचे गोडवे गायिले, ते बहुधा आज्ञा देणाऱ्यांपैकीच होते. सुनेने, सेवकाने व शिष्याने नम्र असावे असे सांगणारा स्वतः कोणाची आज्ञा पाळतो, हे विचारण्याची आपल्याकडे चाल नव्हती. ख्रिस्ती धर्मास मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. कारण त्या धर्माचा गुरू अखेरच्या भोजनाच्या वेळी कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो.

या दृष्टीने वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र पाहण्याजोगे आहे. पोर्तुगीज पिता व वसईचीच माता यांचा हा पुत्र लहान वयात जपानात गेला, तेथील भाषा शिकला व पुढे व्यापारात पडला. ते सारे सोडून तो मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात शिरला; तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा बंधू म्हणून, म्हणजे मिस्सा अर्पण करण्याचा ज्यास अधिकार नाही अशा पायरीवर. 1593 साली पेद्रो बाप्तिस्ता हे फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे निघाले, तेव्हा गोन्सालो दुभाष्या म्हणून बरोबर गेला.

दुभाष्याचे काम हे मला आज्ञापालनाचे सर्वांत निर्मळ रूप वाटते. भाषा येते ती त्याला. तरी बोलायचे ते दुसऱ्याचे. पदरचा शब्द घालण्याचा मोह तर आवरायचा, पण यंत्रही व्हायचे नाही, कारण अर्थ उमगल्यावाचून शब्द पलीकडे पोचत नाही. येथे बुद्धी गहाण पडत नाही. ती दुसऱ्याच्या कामी येते. क्योतो येथे याच मंडळींनी मठाजवळ रुग्णालय उभारून कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली.

आपण मात्र सेवा निवडून करितो. सणाच्या पंगतीत वाढावयास पुष्कळ हात पुढे येतात. घरातील अंथरुणास खिळलेल्या वृद्धाने मध्यरात्री तिसऱ्यांदा पाणी मागितले, तर कोण उठते? तेथे आज्ञा त्याच्या गरजेची असते, आणि ती आपली सोय पाहून येत नाही. बहुधा उठते ती घरातील एकच बाई, व तिच्या उठण्यास आपण रीत म्हणतो! ज्या घरात एकटीनेच आज्ञा पाळावयाची, तेथे आज्ञापालन नव्हे, राबणूक चालते.

तसेच, आज्ञापालन म्हणजे सत्तेपुढे मान तुकविणे, असा अर्थ वसईकरांनी तरी घेऊ नये. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना हिदेयोशीच्या हुकमाने क्रूसावर चढविण्यात आले, त्यांत हा आज्ञाधारक बंधू होता. आपल्या काळी त्याच वसईतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची गोष्ट काही वेगळी नाही. वरिष्ठांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देऊन ते धर्मगुरू झाले, ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी चालविले, बायबल सुबोध मराठीत आणिले. आणि वसईची हिरवी जमीन बांधकामाखाली जाऊ लागली तेव्हा हरित वसईच्या लढ्यात ते पुढे उभे राहिले. विहिरीचे पाणी व केळीच्या बागा ही वेदीबाहेरची बाब मानून ते स्वस्थ बसले नाहीत.